जर्मनीत माणसं कुठं भेटतात? शाळेच्या हॉलमध्ये

तू विचारलंस, "ताई, नोकरी झाली, घराचं कंपनी बघतेय, पण तिथं ओळखी कशा करायच्या? जिम लावू की भाषेचा क्लास?" क्लास लावच. जिमचं मात्र राहू दे, आधी बॅडमिंटनचा क्लब शोध. जुळे सोलापुरात रात्री पार्किंगमध्ये जाळी बांधून खेळतोस, तेवढं खेळणं तिथल्या हौशी गटाला पुरतं.

जिममध्ये वर्षभर गेलास तरी कुणी तुझं नाव विचारणार नाही. डबल्सला मात्र चौथा माणूस लागतोच.

क्लब म्हटल्यावर डोळ्यांपुढं बड्या लोकांचा जिमखाना आणू नकोस. तिथं त्याला फेराइन म्हणतात, आणि देशभरात असे ८६ हजारांच्या आसपास क्रीडा क्लब आहेत. आपल्या गल्लीतलं गणपती मंडळच समज: वर्गणी, अध्यक्ष, खजिनदार, वर्षातून एक सभा आणि त्या सभेत हिशेबावरून कुरबुर. बहुतेकांचा स्वतःचा हॉल नसतो, संध्याकाळी शाळेचा हॉल मिळतो. वर्गणी बॅडमिंटनला साधारण वर्षाला शंभर-दोनशे युरो. खासगी कोर्ट तासावर घेत बसलास तर तेवढे पैसे दोन-तीन महिन्यांत उडतील. टेनिस महाग, शिवाय बऱ्याच टेनिस क्लबांत सभासदाला वर्षाकाठी काही तास श्रमदान करावं लागतं, म्हणजे वसंतात मातीची कोर्टं नीट करायची. नाही केलं तर पैसे भरायचे. मला ही पद्धत आवडते, पण नवीन माणसाला बॅडमिंटन सोपं.

पहिले काही आठवडे लोक 'हॅलो' आणि 'चुस' (म्हणजे बाय) यापुढं जाणार नाहीत. ते गर्विष्ठ नसतात, वेळ घेतात. भिंतीला टेकून कुणी बोलावील म्हणून वाट बघू नकोस, कोर्ट रिकामं झालं की स्वतः विचार. विषय नसेल तर सांग की बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्यात बसवले गेले. पुणेकरांना एवढं श्रेय आपण देऊन टाकू.

खरी गंमत टीममध्ये आहे. हौशी गटात तू आलास काय, नाही आलास काय, खेळ चालतो. टीमचं तसं नाही. लीगच्या एका लढतीत आठ मॅच असतात: पुरुषांच्या दोन डबल्स, बायकांची एक, एक मिक्स्ड, पुरुषांच्या तीन सिंगल्स आणि बायकांची एक. त्यासाठी किमान चार पुरुष आणि दोन बायका लागतात. एकजण आला नाही की मॅच हातच्या जातात, म्हणून सगळ्यात खालच्या टीमला माणसांची कायम चणचण. तिथं नाव दे. मग शुक्रवारी रात्री तुला फोन येईल, 'उद्या येतोयस ना?' परक्या गावात कुणी आपली वाट बघतंय, हे बँकेतल्या पगारापेक्षा लवकर लागू पडतं. तुझी बायको खेळत असेल तर तिला तुझ्याआधी विचारतील, बायका नेहमीच कमी पडतात.

बाहेरगावच्या मॅचला चौघं-पाच जण एका गाडीत जातात, आणि माझं जर्मन क्लासपेक्षा त्या गाडीत सुधारलं. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू आणि शेजारचं कन्नड ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला मोडकंतोडकं बोलायची लाज कमी असते, ते भांडवल वापर. घरच्या मॅचला प्रत्येकजण केक नाहीतर सॅलड आणतो. मी शेंगाचटणी लावलेले सँडविच नेते, डबा धुवायलाही फारसं काही उरत नाही. मुलाचा डॉक्टर, जुनी सायकल, वीजबिलाचं न कळलेलं पत्र, हे सगळं माझं हॉलच्या दाराशी उभं राहून सुटलं. भारतीयांचा ग्रुपही मिळेल, दिवाळीला तो हवाच. फक्त तेवढ्यावर थांबू नकोस.

सामानाचं. तळव्याचा डाग न पडणारे बूट घे, आणि ते हॉलमध्येच घालायचे, रस्त्यावरून घालून आलास तर ओरडा बसेल. दोन्ही रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा विणणं, इथूनच करून ने, तिथं मजुरी झोंबते. फुलांचे, म्हणजे शटलकॉकचे, डबे मात्र नेऊ नकोस. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा विरळ, फूल लांब जातं, म्हणून आपण ७५-७६ स्पीडचं हळू फूल घेतो. तिथल्या थंड हॉलमध्ये तेच फूल जाळीपलीकडं जेमतेम पडेल. तिथं वेगवान लागतं, ते क्लबच पुरवतो किंवा घाऊक दरात देतो.

सही करण्याआधी एक-दोनदा फुकट खेळून बघता येतं, ते आधी विचार. सभासदत्व सोडायचं तर बहुधा लेखी कळवावं लागतं आणि तेही वर्षाअखेरीच्या ठरावीक मुदतीत, नाहीतर पुढच्या वर्षाची वर्गणी बसते. शाळेला सुट्टी की बऱ्याचदा हॉलही बंद. तू ऑक्टोबरात पोचतोयस, त्या सुमारास बहुतेक ठिकाणी शरदाची सुट्टी असते. त्यामुळं शहराचं नाव आणि बॅडमिंटन असं शोधून दोन-तीन क्लबांना सप्टेंबरातच मेल टाक, इंग्रजीत चालेल.