१९६८ च्या फियाट ११०० डिलाइटचे अस्सल सुटे भाग नाशिकमध्ये मिळतील का?

आपल्याकडील १९६८ च्या फियाटच्या इंजिनाचे काम काढायचे आहे आणि पुढची जाळीही मूळचीच हवी आहे, असे आपण विचारले आहे. माझ्याकडेही याच घडणीची गाडी आहे. सगळे भाग नाशिकमध्ये मिळणार नाहीत. मुंबईला जावेच लागेल.

त्याआधी एक सावधगिरी. डिलाइट ही ‘११०० डी’ची भारतीय आवृत्ती असली तरी ते नाव पाहून परदेशातून पिस्टनसंच मागवू नये. इटलीतील ११०० डी चे इंजिन १२२१ सीसीचे, म्हणजे ७२ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील आपल्या गाडीला मात्र १०८९ सीसीचे, ६८ मिलिमीटर बोअरचे जुनेच इंजिन राहिले. पुढे याच गाडीची पद्मिनी झाली तरी पेट्रोल इंजिनाची क्षमता बदलली नाही, त्यामुळे तिच्या इंजिनाचे बरेच भाग मापे जुळवून घेतल्यास चालतात. ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या भागांच्या दुकानांत शोधावेत, आणि लवकर शोधावेत, कारण काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या.

जाळीच्या बाबतीत पद्मिनीवर विसंबू नये. जुना तुकडा सोबत न्यावा आणि पत्र्याची जाडी, स्क्रूची छिद्रे व वजन ताडून पाहावे. डुप्लिकेट माल बहुधा वजनातच उघडा पडतो. मूळ जाळी पोचे पडलेली असली तरी ती सरळ करून क्रोम प्लेटिंग करून घेणे मला नव्या नकलेपेक्षा अधिक अस्सल वाटते.

अस्सलतेचा आग्रह रबराच्या भागांपाशी मात्र सोडावा. ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर, होज, इंजिन माउंटिंग हे जुन्या स्टॉकमधील सीलबंद खोक्यात मिळाले तरी घेऊ नये, कारण रबर न वापरताही कडक होते आणि ब्रेक ऐन वेळी दगा देतो. बुश आणि पिना नाशिकमधीलच सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लेथवर नमुन्याबरहुकूम करून मिळू शकतात.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, झिजला म्हणून दुसरे इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी देईल, तो टाळावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडीला ५० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. झिजलेल्या सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे धातूची नवी नळी, बसवून बोअर पुन्हा ६८ मिलिमीटरवर आणता येतो, आणि क्रमांक कोरलेला मूळ ब्लॉक गाडीतच राहतो.