मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती, किती तास लागतात आणि जाता-येताना वेळेत फरक का पडतो?

अंतर साधारण 12,500 किलोमीटर. जाताना 15 ते 16 तास, येताना 14 च्या आसपास. एवढं तर कुणीही सांगेल. मी लिहायला बसलो ते तुमच्या तिसऱ्या प्रश्नामुळे, कारण त्यावरून माझं आणि माझ्या साडूंचं जुनं वाजलेलं आहे.

मुलगा पहिल्यांदा अमेरिकेला निघाला, तेव्हा सोलापुरात घरी जेवण ठेवलं होतं. साडूंनी त्याचं तिकीट हातात घेतलं. मुंबईहून पहाटे 2 ला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी 7 ला, तारीख तीच. परतीचं दुपारी 12 ला सुटून दुसऱ्या दिवशी साडेबाराला मुंबईत. झालं! "जाताना पाच तास, येताना चोवीस. पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, विमान वर गेलं की अमेरिकाच आपल्याकडे येते." अख्ख्या पंगतीने माना डोलावल्या.

अहो, तिकिटावर त्या-त्या गावची वेळ छापतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. पाचात साडेदहा मिळवा, साडेपंधरा झाले. परतीच्या साडेचोवीसमधून तेवढेच वजा करा, चौदा उरले. मी हे मांडलं, तर म्हणाले, "तुझा हिशेब टॉवेलपुरता ठेव." आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात मापं घेण्यात गेलं माझं, माप चुकलं की माल परत येतो. ते वाक्य लागलं.

पृथ्वीबरोबर हवाही फिरते. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसून शेंगदाणा वर उडवा, तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. खरा फरक वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा स्वतःचा वेग 900 च्या घरात. येताना वारा पाठीशी, जाताना तोंडावर.

दुसऱ्या दिवशी पुतण्याचा पृथ्वीगोल आणि कोनावरचं सूत घेऊन साडूंच्या घरी गेलो. सूत मुंबईवर धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणलं, की ते अरबस्तानावरून जातच नाही. थेट वर चढतं: रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड, ग्रीनलंडचं खालचं टोक, मग कॅनडावरून खाली. तेच सूत विषुववृत्तावर लावलं तर जवळजवळ तिसरा हिस्सा भरतं. विषुववृत्त 40,000 किलोमीटरचं, करा हिशेब. साडू म्हणाले, "गोल लहान आहे."

विमानं मात्र नेमकी याच रेषेवरून जातात असं नाही. 2022 पासून रशियाची हद्द अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. त्यामुळे वळसा पडतो, तास वाढतात. उन्हाळ्यात वेळेतला फरकही साडेनऊ तासांचा होतो.

सोलापूरहून निघत असाल तर मुंबईपर्यंतची रात्रीची गाडी आणि विमानतळावरचे तीन तास वेगळे धरा. आणि तिकिटावर सुटण्या-पोचण्याच्या वेळा न बघता 'एकूण कालावधी' बघा. साडू आता स्वतः निघालेत अमेरिकेला. त्यांच्या तिकिटावर तिथे सोळा तास छापलेत. मी लाल पेनाने त्याभोवती गोल करून दिलाय.