वेल्सच्या किनाऱ्यावर जुने उद्योग आणि आजचे स्थानिक धंदे एकत्र कुठे पाहता येतील?

एकच गाव निवडायचं तर पोर्थमॅडॉग. डोंगरातल्या ब्लायनाय फेस्टिनियॉग गावच्या खाणीतली पाटी, म्हणजे छपरांवर बसवायचा स्लेटचा दगड, इथून जहाजांनी जगभर जायची. त्यासाठी 1836 मध्ये दोन फुटांपेक्षा जरा कमी रुंदीची रेल्वे टाकली. तिची गंमत अशी की भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप बंदरापर्यंत यायच्या, इंजिन नाहीच. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे, आणि खाली येताना तेच घोडे एका वाघिणीत उभे राहून, चारा खात यायचे! वाफेची इंजिनं आली 1863 मध्ये.

1946 मध्ये रेल्वे बंद पडली, पण स्वयंसेवकांनी 1955 पासून टप्प्याटप्प्याने ती पुन्हा सुरू केली. आज गावातल्या हॉटेल-दुकानांचा बराच धंदा या गाडीच्या प्रवाशांवर चालतो. पर्पल मूस ही स्थानिक ब्रुअरीही इथलीच. 2021 पासून हा पाटीचा प्रदेश युनेस्कोच्या यादीत आहे.

बंदरासमोरचं छोटं बेट नक्की बघा. रिकाम्या परतणाऱ्या जहाजांनी तोल राखायला भरून आणलेले परदेशी दगड तिथे टाकून टाकून ते तयार झालंय. माथेरानच्या गाडीचं वेड असेल तर एक अख्खा दिवस हाताशी ठेवा.