बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर

दादा, वडिलांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये ‘१२ पैकी ४ पॉझिटिव्ह’, म्हणजे सुईने काढलेल्या १२ तुकड्यांपैकी ४ मध्ये कॅन्सर, असं वाचून धास्तावू नका. आकडा महत्त्वाचा आहेच, पण एकट्याने तो फार काही सांगत नाही. आधी ग्लीसन स्कोअर बघा, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण; पहिला आकडा सर्वाधिक दिसणाऱ्या प्रकाराचा. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज ७, पण दुसऱ्यात जास्त आक्रमक पेशींचं प्रमाण अधिक, म्हणून १ ते ५ अशा आक्रमकतेच्या गटांत (ग्रेड ग्रुप) पहिला २ मध्ये आणि दुसरा ३ मध्ये. डॉक्टर नुसतं ‘सात’ म्हणाले, तर कुठला सात ते विचाराच.

मग प्रत्येक तुकड्याची ओळ वाचा: किती टक्के किंवा किती मिलिमीटर भागात कॅन्सर आहे, एकाच बाजूला की दोन्हीकडे. चार तुकड्यांत पाच-पाच टक्के आणि चार तुकड्यांत ऐंशी-ऐंशी टक्के, यांत जमीन-अस्मानाचा फरक. एमआरआयवरच्या एकाच गाठीतून तीन-चार तुकडे घेतले असतील, तर ते सगळे मिळून एकच धरायचे. नाहीतर आजार आहे त्याहून पसरलेला वाटतो.

सुई ग्रंथीचा अगदी थोडा भागच तपासते. त्यामुळे कॅन्सर हाडांत किंवा लिम्फ नोड्समध्ये गेलाय का, हे या कागदावर शोधू नका. त्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी, गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी, एमआरआय आणि गरज पडल्यास पीएसएमए पेट स्कॅन (शरीरभर प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शोधणारा).

तुकड्यांच्या काचेच्या स्लाइड्स आणि मेणात जपलेले ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहिल्यावर ग्रेड बदलू शकतो, आणि उपचार बऱ्याच अंशी त्यावर ठरतात.