लग्न केलं आणि नागरिकत्व गेलं

प्रश्न : परदेशी माणसाशी लग्न केल्यावर अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व जायचं, असं वाचलं. 1920 साली मताधिकार मिळाल्यावर ते आपोआप परत आलं का?

उत्तर : नाही. मताधिकार नागरिकांना होता, आणि या स्त्रिया कायद्याने नागरिक उरल्याच नव्हत्या. 2 मार्च 1907 च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीला नवऱ्याचं राष्ट्रीयत्व चिकटवलं. पुरुषाला ही अट नव्हती. त्याची परदेशी बायको बहुधा लग्नाबरोबरच अमेरिकन व्हायची. लग्नानंतर बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात सामावतं, या जुन्या इंग्रजी कल्पनेचं हे फळ. मालमत्तेपुरती ही कल्पना न्यू यॉर्कने 1848 पासूनच सैल केली होती, म्हणून 1907 चं हे उलटं पाऊल जास्त खटकतं.

एथेल मॅकेन्झी यांचं प्रकरण पाहा. कॅलिफोर्नियात 1911 मध्ये स्त्रियांना मत मिळालं. त्या मतदार नोंदणीला गेल्या, तर नवरा ब्रिटिश म्हणून नाव घेतलं नाही. जन्म अमेरिकेतला, राहणंही तिथलंच. तरी 1915 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न स्वेच्छेने केलं, परिणामही स्वीकारा. पहिल्या महायुद्धात तर जर्मन नवऱ्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या बायकांना 'शत्रुराष्ट्राच्या नागरिक' म्हणून नोंद करावी लागली.

22 सप्टेंबर 1922 च्या केबल कायद्याने हे बदललं, पण पुढच्या लग्नांपुरतंच. आधी नागरिकत्व गमावलेल्या स्त्रीला परकीयासारखा अर्ज करावा लागे. सवलत एवढीच की इरादापत्र (नागरिक होण्याचा इरादा आधी जाहीर करणारा कागद) माफ, आणि पाच वर्षांऐवजी एक वर्षाचा रहिवास पुरे. शिवाय नवरा 'नागरिकत्वास अपात्र' वंशाचा (मुख्यतः आशियाई) असेल, तर 1922 नंतरही नागरिकत्व जायचंच. 1923 मध्ये भगतसिंग थिंड या भारतीयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरवलं, आणि भारतीय नवरेही त्यात आले! ही अट 1931 मध्ये गेली. 1936 पासून, 1922 आधीचं लग्न संपुष्टात आलं असेल, तर निष्ठेची शपथ घेऊन हक्क परत मिळू लागले. लग्न टिकून असलेल्यांना, अमेरिकेतच सलग राहिल्या असतील तर, 1940 मध्ये.

अशा एखाद्या स्त्रीचा माग काढत जुनी कागदपत्रं चाळताना आधी लग्नाची तारीख बघा, मग नवरा अमेरिकन नागरिक झाला का आणि केव्हा. 1922 च्या कायद्याआधी झाला असेल, तर बायकोही त्याच्याबरोबर पुन्हा नागरिक झालेली असते. तिचा वेगळा अर्ज शोधण्यात इथेच वेळ वाया जातो.

प्रश्न : 1974 पर्यंत अमेरिकन स्त्रीला बँकेत खातं उघडता येत नव्हतं, हे खरं का?

उत्तर : असं सरसकट म्हणता येत नाही. खाती होती. अडवणूक कर्ज आणि क्रेडिट कार्डापाशी व्हायची : नवऱ्याची सही मागत, बायकोची कमाई पूर्ण धरत नसत. 1974 च्या कायद्याने पत देताना लिंग आणि वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करायला बंदी घातली. वंश आणि धर्म त्यात 1976 मध्ये आले.