गोल्फमध्ये ६०० यार्डांहून लांब होल हौशी खेळाडूनं कसा खेळावा?

तुम्ही लिहिलंय की हँडिकॅप २४ आहे (म्हणजे स्पर्धेत तेवढे स्ट्रोक सवलतीचे मिळतात), ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, जेमतेम २०० यार्ड जातो, सराव छत्रपती संभाजीनगरला होतो आणि आता पावसाळ्यात बाहेरगावच्या कोर्सवर स्पर्धा आहे, तिथं एक पार ५, म्हणजे पाच स्ट्रोकांत संपवायचा होल, चक्क ६१० यार्डांचा आहे. शेवटी विचारलंय, ‘एवढ्या थोड्या दिवसांत अंतर कसं वाढवू?’

अंतर वाढवायच्या मागे लागू नका. मीही मराठवाड्यातच खेळायला शिकलो, आणि अशा होलबद्दल माझं मत पक्कं आहे: तो ड्रायव्हरवर जिंकला जात नाही, दुसऱ्या शॉटवर हरला जातो. टीवर, म्हणजे पहिला शॉट मारतात त्या जागी, सगळेच सावध असतात. ग्रीनजवळ, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताजवळ, तर असतातच. मधल्या त्या दुसऱ्या शॉटला मात्र समोर नुसतं हिरवं रान दिसतं, झेंडा दिसतही नाही, आणि माणूस बॅगेतला सगळ्यात मोठा वूड (लांब मारायचा, जाड डोक्याचा क्लब) काढून जीव खाऊन मारतो.

तुमच्याच आकड्यांनी हिशोब करू. ड्राइव्ह २००, उरले ४१०. आता समजा थ्री-वूड अगदी मनासारखा बसला आणि १९० गेला. उरले २२०. त्याऐवजी हायब्रिडनं (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) शांतपणे १६५ मारला तर उरतात २४५. पुढचा शॉट दोन्हीकडे तोच हायब्रिड, १६५. म्हणजे एकीकडे ५५ यार्ड राहिले, दुसरीकडे ८०. दोन्ही ठिकाणांहून वेजनं (जवळून उंच मारायचा क्लब) ग्रीनवर, मग पटिंगचे दोन स्ट्रोक, एकूण सहा. उत्तम बसलेल्या थ्री-वूडनं तुम्हाला एकही स्ट्रोक वाचवून दिला नाही. तोच शॉट वरच्या वर लागून ४० यार्ड सरपटला तर सात होतात. हद्दीबाहेर गेला तर एक दंडाचा स्ट्रोक आणि त्याच जागेवरून पुन्हा मारायचं, म्हणजे आठ. कमाई शून्य, नुकसान एक किंवा दोन. असा सौदा कशाला करायचा?

शिवाय थ्री-वूडचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, साधारण १५ अंश असतो. टीवर बॉल उंचावलेला असतो तेव्हा तो चालतो. जमिनीवरून तेवढ्या लॉफ्टनं बॉल हवेत चढवायला स्विंगचा वेग लागतो, आणि २०० यार्डांच्या ड्राइव्हवाल्याकडे तो सहसा नसतो. चार नंबरचा हायब्रिड किंवा सात नंबरचा वूड २१-२२ अंशांचा असतो. कित्येकांचा हा क्लब जमिनीवरून थ्री-वूडइतकाच लांब जातो, कारण तो खरोखर उडतो. तुमच्या बॅगेत यातलं काही नसेल तर नव्या ड्रायव्हरवर पैसे घालण्याआधी हे घ्या.

सहाला वाईट वाटून घेऊ नका. २४ कोर्स हँडिकॅप म्हणजे प्रत्येक होलवर एक स्ट्रोक मिळतो आणि स्ट्रोक इंडेक्स (सवलतीचे स्ट्रोक कोणत्या होलवर आधी मिळतात तो कार्डावरचा क्रम) १ ते ६ च्या होलवर दोन. हा होल त्या सहात असेल तर तुमचा नेट पार (सवलतीचे स्ट्रोक धरून) सात आहे, आणि वरच्या हिशोबातले सहा म्हणजे नेट बर्डी, त्याहून एक कमी. स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे होलगणिक पॉइंट मोजायच्या पद्धतीत, त्याचे तीन पॉइंट. त्या सहात नसेल तरी सहा म्हणजे नेट पार, दोन पॉइंट. कार्डावर छापलेला ‘५’ हा हँडिकॅप शून्य असलेल्या खेळाडूसाठी आहे. पुरुषांसाठी ४५० ते ७१० यार्डांपर्यंतचा होल पार ५ धरता येतो, म्हणजे ६१० तर नियमात आरामात बसतो. (स्त्रियांसाठी ही मर्यादा ३७० ते ६०० आहे, तुमच्या गटात कोणी महिला खेळाडू असतील तर त्यांचं कार्ड वेगळं वाचावं लागेल.)

आणि व्यावसायिकांचंही बघा. अमेरिकेतल्या बाल्टसरॉल कोर्सचा सतरावा होल १९९३ च्या यूएस ओपनमध्ये ६३० यार्डांचा होता. त्या वर्षी जॉन डॅलीनं तिथं दोन शॉटांत ग्रीन गाठलं, आणि असं करणारा तो पहिलाच. त्याआधीचे सगळे नामांकित खेळाडू तिथं तीन शॉटांचा बेत करूनच उभे राहायचे. मग तुम्ही आम्ही चार शॉटांचा बेत केला तर त्यात कमीपणा कसला?

आता आपल्या भागाचं, कारण तुमची खरी अडचण मला इथं दिसते. तुम्ही सांगितलेले २०० यार्ड कुठल्या महिन्यातले आहेत? मार्च ते मे आपल्याकडची जमीन तापून दगड होते. काळ्या रानाला भेगा पडतात, गवत वाळून जातं, आणि बॉल पडला की घरंगळत जातो. अशा फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) २०० चा ड्राइव्ह म्हणजे हवेतून कदाचित १७० आणि बाकीची धाव. पावसाळ्यात, भिजलेल्या दाट गवताच्या कोर्सवर ती धाव मिळणारच नाही. बॉल पडेल तिथंच बसेल. म्हणून स्पर्धेपूर्वी एक काम नक्की करा: कोणाला तरी पुढं उभं करून तुमचा ड्रायव्हर, हायब्रिड आणि सात नंबरचा आयर्न हवेतून कुठं पडतात ते बघा आणि पावलांनी मोजा. बेत त्याच आकड्यांवर करा. ड्रायव्हर १७५ आणि हायब्रिड १५० निघाला तर ६१० मधून १७५, १५०, १५० वजा जाऊन १३५ उरतात. तोही चौथ्या शॉटचाच होल आहे, फक्त वेजऐवजी हातात आयर्न येईल.

उंचीची काळजी करू नका. आपलं शहर आणि पुणे दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत, हवेचा फरक पडत नाही. मुंबईला गेलात तर बॉल दोनेक टक्के कमी जाईल, एवढंच. वारा मात्र मोजा. जून-जुलैत तो पश्चिमेकडून येतो आणि होल पश्चिमेकडे तोंड करून असेल तर ६१० चे ६५० झाल्यासारखे वाटतात. वाऱ्याविरुद्ध जोरात मारलं की बॉलला फिरकी जास्त बसते आणि तो वर चढून जागीच पडतो. एक क्लब मोठा घ्या, हात खाली धरा, स्विंग संथ ठेवा.

कठीण जमिनीवर शिकल्याचा एक फायदाही आहे, तो विसरू नका. उघड्या, गवत नसलेल्या जागेवरून मारायला आपल्याला भीती वाटत नाही, कारण आधी बॉल, मग जमीन, ही सवय आपल्याला जमिनीनंच लावलेली असते. ओल्या फेअरवेवर तीच सवय कामाला येते. बॉलच्या मागं क्लब जरा आधी टेकला तर सुक्या जमिनीवरून तो उसळून तरी पुढं जातो. चिखलात तिथंच रुततो आणि बॉल वीस यार्ड जातो.

बॉल स्वतःच रुतला तर घाबरू नका. नियम १६.३ प्रमाणे जनरल एरियात (टी, ग्रीन, बंकर आणि पाण्याचे अडथळे सोडून बाकीचा कोर्स), म्हणजे रफमध्येसुद्धा (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात), तुमच्याच शॉटनं पाडलेल्या खड्ड्यात बॉल रुतला असेल तर दंड न घेता उचलून, पुसून, त्या जागेच्या लगेच मागच्या बिंदूपासून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करता येतो. वाळूत ही सूट नाही. नुसती माती चिकटली असेल तर मात्र बॉल पुसता येत नाही, आयोजकांनी ‘प्रिफर्ड लाय’चा (बॉल उचलून, पुसून जवळच ठेवू देणारा) स्थानिक नियम लावला असेल तरच. टीवर जाण्याआधी हे विचारून घ्या, पावसाळ्यात बहुतेक लावतात.

दुसऱ्या शॉटबद्दल एक गोष्ट उलट बाजूनंही सांगतो, नाहीतर माझं म्हणणं तुम्ही जास्तच ताणाल. काही जण मुद्दाम आखूड मारून ‘माझ्या आवडीचे १०० यार्ड’ शिल्लक ठेवतात. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रोडी यांनी लाखो शॉटांचा अभ्यास करून ‘स्ट्रोक्स गेन्ड’ (सरासरीच्या तुलनेत एका शॉटनं किती स्ट्रोक वाचले) ही मोजण्याची पद्धत मांडली. पीजीए टूरनं (अमेरिकेतली व्यावसायिकांची स्पर्धामालिका) २०११ पासून पटिंगसाठी ती वापरायला घेतली. त्यातून दिसलं ते असं की इतर गोष्टी सारख्या असतील तर ग्रीनच्या जितकं जवळ जाल तितकं सरासरीनं चांगलंच. म्हणजे आखूड मारणं हे ध्येय नाही. सरळ बसणारा जो सगळ्यात लांब क्लब आहे तो मारा, आणि पाणी, बंकर किंवा हद्दीची रेघ त्या अंतरावर असेल तरच खाली उतरा. तुमच्या बाबतीत तो क्लब हायब्रिड आहे, असं मला तुमच्या आकड्यांवरून वाटतं.

ड्राइव्ह झाडीत गेला तर दुसरा शॉट आडवा मारून फेअरवेवर या. फांद्यांमधली फट बघत बसू नका. बॉल सापडेल की नाही अशी शंका असेल तर पुढं जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (पहिला बॉल न सापडल्यास चालणारा तात्पुरता बॉल) असं स्पष्ट म्हणून दुसरा बॉल मारून ठेवा; शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, आणि एवढ्या लांब होलवर टीपर्यंत परत चालत येणं म्हणजे मागच्या गटाचाही खोळंबा. काहीही बिघडलं तरी हँडिकॅपसाठीचा आकडा नेट डबल बोगीवर, म्हणजे नेट पारपेक्षा दोन जास्तवर, थांबतो. दोन स्ट्रोक मिळणाऱ्या होलवर तो तुमच्यासाठी ९ आहे.

कार्ड मिळालं की तीन गोष्टी बघून इथं खाली लिहा: होलचा स्ट्रोक इंडेक्स, अंतर यार्डात आहे की मीटरमध्ये (६१० मीटर निघाले तर ते जवळपास ६६७ यार्ड होतात आणि सगळा बेत एका शॉटनं वाढतो), आणि टीपासून ३२० ते ४०० यार्डांच्या पट्ट्यात कुठल्या बाजूला काय आहे. दुसरा शॉट तिथंच पडणार आहे. कोणता क्लब घ्यायचा ते मग नेमकं सांगता येईल.