फणी कातडीपर्यंत पोचतेय का?

मागच्या अंकात कॉकर स्पॅनियल या लांब केसांच्या कुत्र्याच्या केसांबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यांनाच देतेय. माझ्या घरात १६ वर्षं कॉकर आहेत, आधी सोनेरी होता, आता काळी आहे, त्यामुळे जे सांगतेय ते हाताने केलेलं सांगतेय.

ताई, आमची कॉकर १४ महिन्यांची आहे. मी तिला रोज ब्रश करते, खरंच रोज. तरी परवा पार्लरमध्ये म्हणाले सगळा गुंता झालाय, मशीनच मारावी लागेल. घरी आणली तर ओळखू येईना, मला रडूच आलं. माझं काय चुकलं? – एक वाचक, पुणे

अहो, मेहनतीत तुम्ही काहीच कमी केलेलं नाही, फक्त ब्रश वरच्यावर फिरत राहिला. पिल्लू मोठं होताना त्याचे मऊ केस सुटायला लागतात आणि मोठेपणीचे यायला लागतात, आणि ते सुटलेले केस जमिनीवर पडतच नाहीत, लांब केसांत अडकून बसतात, म्हणून आपल्याला वाटतं वा, हिचे केस काही गळत नाहीत. वरून ब्रश फिरवला की वरचा थर अगदी रेशमासारखा चमकतो आणि खाली कातडीला चिकटून घोंगडी तयार होत असते. आमच्या सोनेरीच्या कानामागे मला एकदा अशीच सुपारीएवढी गाठ सापडली होती, वरून काहीच दिसत नव्हतं, आणि तिच्याखालची कातडी लालसर आणि ओलसर झालेली, हात लावला की तो अंग चोरायचा. तेव्हापासून मी ब्रशवर विश्वास ठेवणं सोडलं.

स्टीलची फणी आणा, एका बाजूला दाते विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट अशी मिळते. डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे, भांग पाडल्यावर दिसते तशी कातडीची रेघ दिसली पाहिजे, मग त्या रेघेखालचे तेवढेच केस मुळापासून टोकापर्यंत विंचरायचे, मग पुढची रेघ. फणी कुठेच न अडकता गेली तर झालं, अडकली तर तिथे गाठ आहे. कानामागे, पट्टा घासतो तिथे, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि बोटांच्या मधे, या जागा रोज बघायच्या, पाठ दोन दिवस राहिली तरी चालते. रोज १० मिनिटं पुरतात आणि सुरुवात कानापासून करा कारण नंतर ती कंटाळते.

गाठ सापडली की आधी आंघोळ घालू नका, पाण्याने ती आणखी घट्ट बसते. कोरडीच ठेवून थोडं कॉर्नफ्लॉवर चोळा, मुळाशी चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि बोटांनी उभी फाडत फाडत सोडवा, मग फणीच्या टोकाने. कात्री नको हो, खरंच नको. गाठ ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि आपण केस कापतोय असं वाटत असतानाच कातडी कापली जाते, कानाच्या कडेची तर फार पातळ असते.

आणि पार्लरवाल्यांवर रागावू नका. सगळ्या अंगावर घोंगडी झाली असेल तर ती तासन् तास ओढून सोडवणं म्हणजे त्या जिवाला छळणं आहे, तेव्हा मशीन मारणंच बरोबर होतं. आता केस बोटभर वाढले की लगेच फणी सुरू करा.

पावसाळ्यात आमच्या स्पॅनियलला इतका वास येतो की पाहुणे विचारतात. आंघोळ घालावी तर दोन दोन दिवस वाळत नाही, आणि कान सारखा खाजवतो. – एक वाचक, चिपळूण

वास बहुतेक वेळा केसांचा नसतो, कानाचा किंवा ओठांचा असतो, तो कुठून येतोय ते आधी नाकाने शोधा. स्पॅनियलचे कान लांब, जड आणि केसाळ, भोकावर झाकण घातल्यासारखे पडलेले, आत हवा जात नाही आणि त्यात कोकणातली दमट हवा, मग आत यीस्ट वाढतं. तपकिरी मळ, आंबूस वास, डोकं झटकणं ही त्याची लक्षणं, तेव्हा हा आधी डॉक्टरांचा विषय आहे, गेल्या वर्षीची उरलेली ड्रॉप्सची बाटली घालू नका कारण पडद्याला इजा असेल तर काही औषधं आत नुकसान करतात. इयरबड आत घालू नका, तेल तर मुळीच नाही. कान बरा झाला की पाळीच्या आतल्या बाजूचे, भोकाजवळचे केस बारीक करून घ्या, हवा खेळायला लागते, आमच्याकडे एवढ्यानेच बराच फरक पडला.

मग खालच्या ओठाची घडी बघा, तिथे लाळ आणि अन्न साचतं आणि कुजका वास येतो. जेवणानंतर ओल्या कापडाने पुसून कोरडी करायची. वाडगा तोंडाला अरुंद आणि खोल घ्या म्हणजे कान बाहेर पडतात, किंवा जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापून तो जेवणापुरता डोक्यावरून चढवा, कान नीट आत राहतात.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे, आणि आपला शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही. रोज फिरून आल्यावर पोट आणि पाय नुसत्या पाण्याने धुवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका, त्यानेच गुंता होतो, टॉवेल दाबून पाणी टिपा आणि मग ड्रायर कमी गरम ठेवून केसांच्या दिशेने, एका हातात फणी घेऊन. बाहेरून कोरडे वाटतात तेव्हा आत बोटं घालून बघा, मुळाशी ओल असतेच.

उन्हाळ्यात सगळे केस काढून टाकले तर त्याला बरं वाटेल ना? – एक वाचक, नागपूर

तुमची काळजी कळते पण पाठीचे केस काढू नका. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून गार होत नाही, धापा टाकून होतो, आणि पाठीवरचे केस थेट ऊन अडवतात. शिवाय कॉकरच्या पाठीवर मशीन मारली की पुष्कळदा ते चापून बसणारे चमकदार केस परत तसे येतच नाहीत, लोकरीसारखे मऊ कुरळे येतात आणि मग गुंता दुप्पट. पाठीवरचे मेलेले केस बोटांनी थोडे थोडे उपटून काढतात, त्याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात, सुटायला आलेले असले तर दुखत नाही. पोटाचे केस मात्र खुशाल बारीक करा, गार फरशीवर पोट टेकून पडला की त्याला खरा आराम मिळतो.

अजून एक. यूट्यूबवर बघून जे करता त्यातले बरेच कुत्रे अमेरिकन कॉकर असतात. अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या ब्रीडची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने १९४६ मध्ये इंग्लिश कॉकरला वेगळी ब्रीड म्हणून मान्यता दिली, अमेरिकनचे केस खूपच दाट आणि लांब, त्याची कटिंगची पद्धत वेगळी. तुमचा कुठला आहे ते आधी बघा.

नसबंदीचं ऑपरेशन केल्यापासून आमच्या मादीचे केस लोकरीसारखे झालेत. खाण्यात काही कमी पडतंय का? – एक वाचक, नाशिक

नाही, कॉकरमध्ये हे होतं, हार्मोन बदलले की कान, पोट आणि पायांवरचे झालरीसारखे लांब केस फुगीर होतात. ऑपरेशन केलंत ते चांगलंच केलंत, गर्भाशयात पू होण्याचा धोका टळला. फणी जरा जास्त वेळ लागेल एवढंच. पण दोन्ही बाजूंना सारखेच केस विरळ होत असतील, वजन वाढत असेल आणि ती सुस्त असेल तर थायरॉइडची टेस्ट करून घ्या.

खोबरेल तेल लावलं तर चालेल का? – एक वाचक, बेळगाव

नको. धूळ चिकटते आणि ती चाटत बसते.

मावशी, मी सातवीत आहे. आमच्या टेकडीवर दिवाळीनंतर गवत वाळतं, तिथे फिरून आलं की आमच्या कॉकरच्या अंगभर कुसळं असतात. कशी काढू? – एक वाचक, सातारा

बरं झालं विचारलंस, कुसळाची मला सगळ्यात भीती वाटते. आमची काळी दोन दिवस पुढचा पंजा चाटत होती, मला वाटलं चिखल असेल, तिसऱ्या दिवशी बोटांमधे हरभऱ्याएवढी सूज दिसली आणि डॉक्टरांनी चिमट्याने आतून अख्खं कुसळ काढलं. त्याचे बारीक काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. म्हणून घरात शिरायच्या आधीच अंगणात बसव आणि आधी बोटांच्या मधे, मग कानांच्या आत, मग काखेत बघ, गोचीडही तिथेच सापडतील. पंज्याखालचे केस मोठ्यांकडून बारीक करून घे. टेकडीवरून आल्यावर अचानक डोकं एका बाजूला वाकडं करून जोरजोरात झटकायला लागली तर बाबांना सांग, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही. आघाड्याची बोंडं अडकली असतील तर ओढू नकोस, बोटांनी चुरून टाक आणि मग विंचर, निघून येतात.